प्रार्थनेत नाव घेण्याची कार्यपद्धती

२००३ सालच्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी, पूर्व टेक्ससमधल्या बर्डेट गावच्या नेल्डा प्रेविट या एकाहत्तर वर्षांच्या विधवा बाई आयुष्यात पहिल्यांदा काउबॉय चर्चला गेल्या. काम साधं होतं. नवरा होलिस जाऊन त्या दिवशी वर्ष भरत होतं, आणि भर उपासनेत, चार माणसांसमोर, प्रार्थनेत त्याचं नाव एकदा नीट घेतलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांचं स्वतःचं पांढरं लाकडी चर्च आदल्या वर्षीच बंद पडलं होतं. शेवटी शेवटी तिथं सात माणसं उरली होती, त्यांतल्या तिघांना ऐकू येत नव्हतं. नवऱ्याला निरोप दिला तो इस्पितळातल्या एका घाईतल्या पाळकाने. नाव कागदावर लिहून दिलेलं होतं, तरी त्याने ते चुकवलं. ते बाईंना वर्षभर सलत होतं.

काउबॉय चर्च हमरस्त्याला लागून होतं. पत्र्याची प्रचंड शेड, आत गार हवा, बसायला गवताचे भारे. गवताने शिंका येतात म्हणून भारे प्लास्टिकात गुंडाळलेले. दारावर फलक होता: 'जसे आहात तसे या. इथे कसलेही नियम नाहीत.' आत तीनशे माणसं होती आणि तीनशेही जण, अर्थातच आपापल्या मर्जीने, उंच टाचांचे बूट, रुंद हॅट आणि बशीएवढं बक्कल अशा एकाच वेशात आले होते.

नेल्डाबाई निळ्या झग्यात होत्या, गळ्यात मोती. आठवड्याचे सहा दिवस गुरांच्या शेणात गेले की सातव्या दिवशी माणसाला स्वच्छ व्हावंसं वाटतं.

दाराशी स्वागताला टॅमी होती. एरवी ती जमिनींची दलाली करायची.

"या मावशी, या! अगं बाई, तुम्ही अशाच आलात?"

"पाटीवर तसंच लिहिलंय की."

"हो हो, तसंच यायचं! पण मग बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं ना. म्हणून ही पेटी ठेवलीय. घ्या, ही हॅट घाला, म्हणजे तुम्हाला अगदी स्वतःसारखं वाटेल."

"मला आत्ताही स्वतःसारखंच वाटतंय गं पोरी. मला फक्त माझ्या नवऱ्याचं नाव प्रार्थनेत घ्यायचंय."

टॅमीने पुस्तिका काढली. कसलेही नियम नसण्याबाबतची ती नियमावली चौदा पानांची होती. तिच्यानुसार नावं वाचणं ही जुन्या चर्चांची रूढी होती आणि रूढीने लोक बिचकतात. अपवाद एकच: 'अखेरची रपेट' या सदरात मृताचं नाव घेता येई. त्यासाठी मृत अस्सल काउबॉय असल्याचा अस्सलता समितीचा दाखला लागे.

मंचावर फिडल सुरू झालं. गाणं असं होतं की ती सोडून गेली, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला, पण येशूची बॅटरी उतरत नाही. लोक डोळे पुसू लागले. तेवढ्या वेळात मागच्या भाऱ्यांवर समितीची बैठक भरली. समिती म्हणजे दाताचे डॉक्टर ग्रेडी, स्वतः पाळक ब्रदर ड्वेन, आणि टिपणाला टॅमी.

"हयात असताना मृत कोणती हॅट वापरत?" ग्रेडींनी विचारलं.

"टोपी. पेंडीच्या दुकानात फुकट मिळायची ती."

"टोपी," ग्रेडी जड आवाजात म्हणाले. टॅमीने लिहून घेतलं. "बूट?"

"रबराचे. चिखल असतो हो."

"घोडा?"

"होता. म्हातारा झाला. मग ट्रॅक्टरच."

"मग गुरं वळवायचे कशी? दोरी टाकून?"

"दोरी कशाला? बादलीत मूठभर पेंड टाकून वाजवायची. आपणहून येतात."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. "आणि गुरं किती?" ब्रदर ड्वेननी माणुसकी म्हणून विचारलं.

"साठ. एक्कावन्न वर्षं."

"गुरं असणं हा निकष नाही, बाई," ग्रेडी समजुतीने म्हणाले. "माझ्याकडे एकही नाही. पण माझी हॅट बघा."

अर्ज फेटाळला गेला. 'काउबॉयसदृश शेतकरी' या वर्गात पुढच्या वर्षी फेरअर्जाची मुभा होती.

त्या दिवशी वातावरणनिर्मितीसाठी एक लाल गोऱ्हा भाड्याने आणून मंचाशेजारी बांधला होता. स्टील गिटारने असा काही गळा काढला की गोऱ्ह्याने एका हिसक्यात खुंटा उपटला. तीनशे अस्सल काउबॉय भाऱ्यांवर चढले. ग्रेडींनी धीर करून दोरी टाकली. ती ढोलवाल्याच्या गळ्यात पडली. ब्रदर ड्वेन मंचावरून स्तोत्र म्हणू लागले, पण गोऱ्हा त्यांच्याकडेच वळला तेव्हा ओळी विसरले.

नेल्डाबाईंनी दाराजवळची देणगीची पत्र्याची बादली उचलली आणि खुळखुळवली. गोऱ्हा थबकला. कान टवकारून, लाडिकपणे चालत आला आणि त्याने बादलीत तोंड घातलं. बाईंनी त्याच्या गळ्यातलं दावं धरलं.

"आमेन!" भाऱ्यांवरून आवाज आला.

"आमेन नंतर. आधी नाव घ्या."

"बाई, समितीचा निर्णय झालाय," ग्रेडी वरून म्हणाले.

"बरं," म्हणून बाईंनी बादली बाजूला केली आणि दावं थोडं सैल सोडलं.

तीन सेकंदांत विशेष बैठक भरली, कोरम पूर्ण झाला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. ब्रदर ड्वेननी हॅट काढून नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "आडनावासकट." मग तीनशे तोंडांनी एकदम पूर्ण नाव घेतलं. नेल्डाबाईंनी मान खाली घातली, मोत्यांवरून बोट फिरवलं, दावं खांबाला बांधलं आणि त्या घरी गेल्या. पुन्हा तिथे आल्या नाहीत.

गोऱ्हा पुढच्या महिन्यात चर्चच्या जेवणात सामील झाला. ग्रेडी दोरीचा सराव करताना, जुन्या काउबॉयांसारखा, फासात अंगठा गमावून बसले आणि आता अस्सल गणले जातात. टॅमीने चर्चच्या दारात पेंडीच्या दुकानाच्या टोप्या विकायला ठेवल्या, बावीस डॉलरला एक, मुद्दाम मळवलेली तीसला. ब्रदर ड्वेननी नियम नसण्याची नवी, एकोणीस पानी आवृत्ती काढली. तीत टोपी आणि रबरी बूट अस्सल ठरले आणि रुंद हॅट घालून येणाऱ्यांना दाराशी समजावून सांगण्यात येऊ लागलं. २०११ साली नेल्डाबाई गेल्या. दफनाला तीनशे टोप्या लोटल्या, आणि सगळ्यांनी फोटो काढले.

वाचकहो, तुम्हीही आतापर्यंत हॅट, टोप्या आणि बक्कल पाहून मनसोक्त हसलात. बाईंची धडपड एका नावासाठी होती. वर न बघता, आडनावासकट, सांगा बरं ते.