अर्धा कोयता

आमच्या भिंगारच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात गव्हाणे सरांनी पेनाला टोपण दोऱ्यानं बांधून ठेवलंय. चष्म्याला त्याचं घर, डब्याला झाकण. एक वस्तू उचलावी तर तिच्यामागून दुसरी येते. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांचा स्टेपलर घ्यायला गेले, तर पिनांची डबी माझ्या चहात पडली. "येनारच की, तिचं मानूस चाललं व्हतं," सर शांतपणे म्हणाले.

प्रोग्रॅममध्येही तेच. आमच्या कामात एक सोय असते. नोंदी एकमेकींशी नात्यानं जोडल्या, की एक सेव्ह केल्यावर तिच्यामागच्या सगळ्या आपोआप सेव्ह होतात. पुसतानाही तसंच. जिच्या वर कुणी उरलं नाही ती नोंदही जाते. तिला आमच्या धंद्यात अनाथ म्हणतात. सर हा शब्द कधी तोंडातून काढत नाहीत, "मागं राह्यलेली" म्हणतात. सेव्ह करण्याआधी ते हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि पडद्यावरच्या नोंदी बोटांवर मोजतात. आम्ही यावर पोट धरून हसायचो. पण सरांच्या हातून एकही नोंद हरवलेली मी पाहिली नाही. असा प्रोग्रॅमर जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास ऊसतोड टोळ्यांच्या नोंदणीचं काम आलं. मुकादमाखाली कोयते, कोयत्याखाली माणसं, माणसांमागं पोरं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. सर तापानं घरी होते, तेव्हा मी मोठ्या ऐटीत नियम लिहिला: दोघं असतील तरच कोयता, एक कमी झालं की कोयता पुसायचा.

पाथर्डीकडच्या एका गावात टोळी कोपरगावकडं निघणार होती. यादी नीट चालते का बघायला सर आणि मी गेलो होतो. कौसाबाईचा नवरा दोन महिन्यांपूर्वी वारला होता. मुकादमानं मोबाईलवर गेल्या वर्षीच्या यादीतून आलेलं त्याचं नाव काढलं, आणि माझ्या नियमानं कौसाबाई आणि तिच्या दोन पोरीही पुसून टाकल्या. यादीत नाव नाही तर कारखान्यावर कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला जागा नाही, पोरींना तिथली शाळा नाही. मुकादम म्हणाला, मी काय करू, मोबाईल घेत नाही.

"मी हाय की हितं हुबी," कौसाबाई म्हणाली. "मंग त्यात का न्हाई?"

मला मान वर करवेना. तरी पुटपुटले, की एकट्या माणसाचा कोयता केला तर नियम मोडेल.

"नियम आपून केलाय, ताई," सर म्हणाले. "ही बाई आपून न्हाई केली."

टोळीचा ट्रक सुरूच होता. सर तिथंच एका गाठोड्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि अर्ध्या तासात नियम फिरवला. कोयता पूर्ण असेल, नाहीतर अर्धा. माणूस मात्र पुसायचं नाही. तिघींची नावं पुन्हा यादीत आली. पोरी ट्रकात चढून बसल्या.

परतताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाप गेला तवा मी पाच वर्साचा. आईला मुकादमानं लिवून घेतलं न्हाई. नाव नसताना टोळीमागं गेली, तोडत ऱ्हायली. मला मामाकडं ठिवलं. ती कुटं हाय ते इचारायला गेलं, तर कोन्या वहीत सापडायची न्हाई."

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी काम सोपवण्याआधी चाचणीसाठी भरलेल्या खोट्या नोंदी पुसायला बसले. सरांचाच तसा शिरस्ता आहे, एकही ठेवायची नाही. अर्ध्या कोयत्याची त्यांनी एकच नोंद भरली होती: गयाबाई गव्हाणे. सोबत मुलगा, वय पाच.

मी ती तशीच राहू दिली.