पुलावर उभ्या स्वाराची हकीकत

श्रीदीपज्योती साक्ष. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवसींचे वर्तमान विदित होय ऐसे जे, एक राज्य होते, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढाच त्याचा विस्तार, आणि तेथे प्रातःकाळी सूर्यकिरण पूर्वेच्या खिडकीच्या गजांतून आत येत, प्रथम पाण्याच्या पिंपावर टेकत, मग भिंतीवरील कॅलेंडराच्या कोपऱ्यास लागत, मग हळूच उतरून टीव्हीच्या काळ्या पडद्यावर येत आणि तेथील धूळ उजळीत. त्या धुळीत बोटाचा एक जुना ठसा होता, तो कोणी पुसला नव्हता, आणि किरण त्या ठशापाशी पोहोचले म्हणजे मासाहेब स्नान आटोपून दरबारी येत, ऐसा रिवाज होता.

त्या पडद्याखाली खेळाचे एक यंत्र, गेमिंग कन्सोल म्हणतात ते, थोरल्या राजांनी मोठ्या हौसेने आणिले होते. पुढे महाराजांचा आणि थोरल्यांचा, बापलेकांचा, बेबनाव जाहला, शब्दास शब्द लागला आणि थोरले परमुलखी निघोन गेले, पत्र नाही, फोन नाही, यंत्र मात्र राहिले. मग धाकटे राजे, स्वभावे अबोल, चौघांत मान वर न करणारे, यांनी ते यंत्र इंटरनेटास जोडिले आणि मासाहेबांस अभंग, महाराजांस बातम्या व क्रिकेट, सायंकाळी मालिका, सणावारी जुनी छायाचित्रे, ऐसा सारा दरबार त्या एका पेटीतून चालो लागला. परंतु धाकट्यांनी सर्वांस सांगितले होते की, "दादा म्हणालाय, माझा डाव अर्धा आहे, मोडू नका, येऊन पुरा करीन." यंत्रात सोय ऐसी की खेळ मागे थांबवून पुढे अभंग लावावे. म्हणोन रोज प्रातःकाळी आधी खेळ दाखवावा, त्यात लाकडी पुलावर एक स्वार ढाल घेऊन उभा, आणि मासाहेबांनी पुसावे, "उभा आहे का रे?" आणि धाकट्यांनी म्हणावे, "उभा आहे," आणि मग अभंग सुरू व्हावे.

त्या स्वाराच्या भरवशावर मासाहेबांनी दोन वर्षे गाव सोडिला नाही. त्यांच्या वडील भगिनी ताईसाहेब पलीकडच्या मुलखी अंथरुणास खिळल्या होत्या, त्यांचे तीन वेळा बोलावणे आले. मासाहेब म्हणाल्या, "मी गेले आणि तो आला तर? आल्या पावली फिरेल." महाराज म्हणाले, "मी आहे की घरात." त्यावर मासाहेब, "तुम्हाला बघूनच फिरेल." धाकटे तेथेच कंट्रोलरची वायर गुंडाळीत होते, सर्व ऐकिले आणि वायर खणात ठेविली.

पंचमीस प्रातःकाळी फोन आला की ताईसाहेब पहाटे निवर्तल्या. मासाहेब रडल्या नाहीत. ओल्या केसांनी टीव्हीपुढे बसल्या आणि रोजच्याप्रमाणे पुसले, "उभा आहे का रे?"

"उभा आहे."

मग मासाहेब सावकाश बोलल्या, "काल दुपारी चार तास वीज नव्हती. फ्रिजमधलं दूध नासलं. फ्रिज बंद, पंखा बंद, आणि तुझा दादा तेवढा उभा?"

महाराजांच्या हाती चहाची बशी होती ती ओठांपर्यंत न जाता तैशीच राहिली.

"बोल रे, बाळा. ताई तर गेली. आता कशाला लपवायचं?"

तेव्हा धाकट्यांनी पडद्याकडे पाहत सांगितले, "आई, वीज गेली की खेळ जातो. मी तुमच्या आधी उठतो, नवा खेळ मांडतो, त्याला पुलापर्यंत चालवत आणतो आणि तिथं उभा करतो. रोज नाही. वीज गेली की."

"आणि दादा म्हणाला होता ते?"

धाकट्यांनी कंट्रोलर खाली ठेविला. किरण ठशावरून सरकोन भिंतीवर गेले. मासाहेब उठल्या, पिशवीत दोन लुगडी घातली आणि महाराजांस म्हणाल्या, "चला, तिचं तोंड तरी बघू." आणि ते दिवशी दरबारी अभंग लागले नाहीत.

एवंच, राज्य एक, पेटी एक, दोन वर्षे कारभार सुरळीत चालिला आणि बहिणीबहिणींची भेट राहिली. थोरले राजे जातेवेळी काहीच म्हणाले नव्हते. आपला डाव त्यांनी आपल्याच हाताने यंत्रातून पुसून टाकिला होता, आणि धाकटे राजे दारात उभे राहून ते पाहत होते.