बिनदेखभालीच्या गुलाबाची देखभाल

इमारतीच्या आवारातला एक गुलाब कोणीही काहीही न करता वाढतो आहे, ही गंभीर बाब व्यवस्थापक समितीच्या निदर्शनास यायला सव्वा वर्ष लागलं.

गुलाब लावला होता तळमजल्यावरच्या टायपिस्टबाईंनी, आपल्या खिडकीखालच्या चटईएवढ्या मातीत. बाईंनी उभा जन्म एका कचेरीत साहेबांची पत्रं टाइप केली होती. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नव्हतं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांची नजर गेली. "मला अंधार दिसतो, पण तोही धूसर," असं ते आल्यागेल्याला सांगत. नजर गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वेळ कळेनाशी झाली, ते मात्र जिव्हारी लागलं. जन्मभर गावाला वेळ दुरुस्त करून दिलेला माणूस मध्यरात्री उठून दाढी करायला बसे आणि भर दुपारी बायकोला म्हणे, "अगं, दिवा मालव आता."

म्हणून तो गुलाब. ऊन अंगावर आलं की त्याचा वास खिडकीतून आत येई. वास आला की घड्याळजी उठून बसत आणि म्हणत, "उजाडलं." घरातलं एकही घड्याळ इतकं बिनचूक नव्हतं.

एका रविवारी अध्यक्षांना तो वास आला आणि ते थबकले. चिटणीस त्यांच्या मागेच असत, तेही थबकले.

"बाई, याची काळजी कोण घेतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"झुडपाचा गुलाब आहे, त्याला लागतच नाही. रोपवाटिकावाला म्हणाला, उन्हात लावा, माती सुकली की पाणी द्या, वर्षातून एकदा छाटा आणि विसरून जा."

चिटणिसांनी टिपून घेतलं : विसरून जाण्यात आले आहे.

"आणि तरी तो फुलतो?"

"भरभरून."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "म्हणजे समितीच्या आवारात एक सजीव वस्तू देखभालीविना आहे, आणि ती सुखात आहे. उद्या लोक विचारतील, मग समिती कशाला?"

ही भीती अगदी रास्त होती. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती, गच्चीवरची टाकी गळत होती आणि जिन्यातला दिवा गेला होता, ही गोष्ट खरी. पण लिफ्टला सुवास नव्हता, आणि टाकीशेजारी उभं राहून फोटो चांगला येत नसे. त्याच आठवड्यात 'गुलाब संगोपन उपसमिती' स्थापन झाली. टाकीसाठी कधी दोन माणसं जमली नव्हती. गुलाबासाठी खुर्च्या कमी पडल्या.

सकाळचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांकडे गेलं आणि संध्याकाळचं त्यांच्या समोर राहणाऱ्या वकिलांकडे. दोघांमध्ये पार्किंगवरून बोलणं बंद होतं. समोरचा कामचुकार आहे याबद्दल दोघांनाही खात्री असल्याने प्रत्येक जण त्याच्याही वाटचं पाणी घाली. औषधांच्या दुकानवाल्याने मुदत संपलेल्या शक्तिवर्धक गोळ्या कुटून मुळाशी घातल्या. "माणसाला चालत नाहीत, पण झाडाला काय कळतंय," तो म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कुठेतरी ऐकलं होतं की झाडांशी बोललं की ती जोमाने वाढतात. त्या रोज स्टूल टाकून त्याच्याशी सुनेविषयी बोलत. पहिली पिवळी पानं काकूंच्या बाजूची होती.

पानं पिवळी पडलेली बघून समिती हादरली, आणि काळजी दुप्पट करण्यात आली. मग कळ्या गळू लागल्या. त्यावर काळजी चौपट झाली. शिवाय एक पाटी लागली. तिच्यावर उपसमितीच्या सगळ्या सभासदांची नावं होती, त्यामुळे ती झुडपापेक्षा मोठी झाली आणि तिची सावली नेमकी झुडपावर पडू लागली.

घरात घड्याळजी पांघरुणात पडून होते. "अगं, अजून उजाडलं नाही?"

"कधीच उजाडलंय. दुपार व्हायला आली."

"मग गुलाब काय करतोय?"

"त्याची काळजी घेतायत."

"बिचारा," घड्याळजी म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

बाई अध्यक्षांकडे गेल्या. "अहो, त्याच्या मुळांशी तळं झालंय. त्याला नुसतं सोडून द्या. ह्यांना दिवस कळतो तो त्याच्या वासावरच."

"सोडून देणं सोपं असतं, बाई," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही तो सोपा मार्ग पत्करणार नाही. तज्ज्ञ बोलावलाय."

तज्ज्ञ कोट घालून आले. त्यांनी पडद्यावर मुळांची चित्रं दाखवली, पाण्याचे आलेख दाखवले, दूरच्या कुठल्याशा बागेत स्वतः उभे असलेले फोटो तर बरेच दाखवले. दीड तासाने शेवटचं चित्र आलं. त्यावर लिहिलं होतं : काहीही करू नका. टाळ्यांचा कडकडाट झाला. हेच बाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. पण त्यांनी ते पडद्यावर सांगितलं नव्हतं.

समितीने एकमताने ठरवलं की यापुढे गुलाबासाठी काहीही करायचं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण अध्यक्ष अजून उभेच होते.

"मात्र," ते म्हणाले, "काहीही न करणं हे जबाबदारीचं काम आहे. ते असं कोणाच्याही हाती देता येणार नाही. त्याला यंत्रणा हवी."

इंजिनिअरांची दुर्लक्षप्रमुख म्हणून नेमणूक झाली. वकिलांनी हरकत घेतली, म्हणून त्यांना उपप्रमुख करण्यात आलं. कोणी चोरून पाणी घालू नये म्हणून झुडपाभोवती कुंपण आलं. कुंपणातून हात जातो असं दिसल्यावर त्याला पत्रे लागले. पाऊस आला तर तो परवानगी न घेता पाणी घालणार, हे उपप्रमुखांनी लक्षात आणून दिलं, म्हणून वर छप्पर झालं. छपरामुळे आत काळोख झाला, तेव्हा पाळतीसाठी लावलेल्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून दिवसरात्र जळणारा दिवा बसवला. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच होता. शिवाय एक पहारेकरी नेमला. त्याच्या खुर्चीला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ती पत्र्याच्या आत, गुलाबाच्या आळ्यातच ठेवण्यात आली.

एका तापलेल्या दुपारी पहारेकऱ्याचा डोळा लागलेला बघून बाईंनी भाजी धुतलेलं पाणी पत्र्याच्या फटीतून हळूच आत ओतलं. कॅमेऱ्याने ते पाहिलं. काहीही न करण्याच्या कामात अडथळा आणल्याबद्दल बाईंना बोलावणं आलं.

"सुकतंय हो ते," बाई म्हणाल्या.

"सुकतंय," अध्यक्षांनी मान्य केलं, "पण रीतसर सुकतंय."

घरी परतताना पत्र्याच्या फटीतून डोकावणारी एकुलती एक हिरवी फांदी बाईंच्या पिशवीला अडकून तुटली. निदान घरी त्यांनी तसं सांगितलं.

यथावकाश गुलाब गेला. समितीने दुखवट्याचा ठराव केला. त्यात झुडपाच्या सहनशीलतेचं कौतुक होतं. त्याच बैठकीत प्लॅस्टिकचा गुलाब मंजूर झाला. तो धुतला तरी चाले, न धुतला तरी चाले. सुवासाची उणीव भासू नये म्हणून त्याच्या खोडात एक यंत्र बसवलं. ते दर थोड्या वेळाने फुस्स करून गुलाबाचा वास सोडी. त्या वर्षी कमीत कमी देखभालीच्या बागेचं बक्षीस या इमारतीला मिळालं. अध्यक्षांनी ते सर्व सभासदांच्या अथक परिश्रमांना अर्पण केलं.

यंत्र दिवसा चाले तसं रात्रीही चाले.

"अगं," घड्याळजी म्हणाले, "आज पाचव्यांदा उजाडलं. या हिशेबाने पुढच्या महिन्यात मी शंभरी गाठतो."

बाई हसल्या नाहीत, कारण घड्याळजी दाढी करून कपडे बदलून बसले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. सकाळ होताच त्या वर गेल्या. "ते यंत्र रात्रीपुरतं तरी बंद ठेवा. ह्यांना वेळ कळत नाही."

"आधी वास हवा म्हणून तुम्हीच आलात, आता वास नको म्हणूनही तुम्हीच," अध्यक्ष म्हणाले. "वेळ कळत नसेल तर एखादं घड्याळ घ्या की."

"घड्याळं पुष्कळ आहेत घरात," बाई म्हणाल्या आणि खाली आल्या.

त्या दिवशी त्यांनी पुढची खिडकी घट्ट लावून घेतली आणि यजमानांची खाट ओढत ओढत मागच्या खोलीत नेली. त्यानंतर बरेच महिने कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मग एकदा घड्याळजींनी पडल्या पडल्या नाक वर केलं. खोल श्वास घेतला. सावकाश उठून बसले.

"उजाडलं," ते म्हणाले.

बाईंनी बाहेर पाहिलं. फुटक्या बादलीवर ऊन आलं होतं.

"कुठे लावलीस गं ती फांदी?"

"सांगणार नाही."

"मला सांगायला काय झालं? मी बघणार थोडाच आहे?"

"बघणार नाही, पण काकूंशी बोलाल."

घड्याळजींना ते पटलं. त्यांनी चहा मागितला, आणि त्या वेळी खरोखरच चहाची वेळ होती.

ती बादली नेमकी कुठे आहे, ते इथेही मुद्दामच सांगितलेलं नाही. तुम्ही कुठे बोलणार नाही याची खात्री आहे. पण तुम्ही मनाने फार चांगले आहात, आणि एवढ्या उन्हात निदान एकदा जाऊन भांडंभर पाणी घालून यावं, असं आत्ता तुमच्या मनात येऊनही गेलं.