परीक्षेआधीची पाटी

शुक्रवारी सकाळी, न्याहारी व्हायच्या आधीच, वर्लिनआजोबांनी घरापुढच्या हिरवळीत पाटी ठोकली. पाटी दाराएवढी रुंद होती. वर नात टेसाचा हसरा फोटो, भोवती हायस्कूलचा निळा-पिवळा रंग, आणि मध्ये ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'आमची टेसा – हायस्कूलचं स्पॅनिश पास'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'तेही आठवीतच'. आजोबा चार पावलं मागे गेले, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं आणि डावीकडची खुंटी आणखी दोन बोटं आत ठोकली. तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना शाळेच्या बसमधून ने-आण केली होती आणि अलीकडे दर मे महिन्यात त्याच पोरांच्या हायस्कूल पास झाल्याच्या पाट्या दुसऱ्यांच्या अंगणात पाहिल्या होत्या. ते स्वतः दहावीत शाळा सोडून वडिलांच्या गाईंमागे लागले, आणि मुलगी डेना हायस्कूल पास झाली तेव्हा गावात पाट्यांची पद्धत नव्हती. आता मात्र त्यांची पाळी आली होती.

टेसा दात घासता घासता बाहेर आली. "आजोबा, हे काय?"

"पाटी."

"ते दिसतंय मला. पण परीक्षा सोमवारी आहे."

"मग? वर्षभर अभ्यास केलायस की. रोज सकाळी शब्दांची कार्डं धरून मी बसलोय तुझ्यासमोर."

"ऐंशी पडले तरच हायस्कूलमध्ये धरतात. एकोणऐंशी पडले तर नववीत परत पहिल्यापासून." टेसाचा आवाज बारीक झाला. "आणि बोलायची परीक्षा आहे आजोबा. मला बोलताच येत नाही."

यात खोटं काही नव्हतं. हायस्कूलचं पहिल्या वर्षाचं स्पॅनिश आठवीतच शिकवायला शाळेने त्या वर्षी सुरुवात केली होती. तिथे पास झालं की हायस्कूलमध्ये रोजचा एक तास मोकळा मिळणार होता आणि टेसाला त्या तासाला वेल्डिंग शिकायचं होतं. हे स्वप्न तिने सहावीपासून जपलं होतं. कागदावर तिचं स्पॅनिश झकास होतं. पण समोर माणूस आला की दातखीळ बसायची. फेब्रुवारीत ती स्पॅनिशच्या बाईंसमोर चार मिनिटं उभी राहिली आणि त्या चार मिनिटांत तिने फक्त स्वतःचं नाव सांगितलं.

टेसाची आई डेना जनावरांच्या दवाखान्यातल्या कामावरून संध्याकाळी आली ती फाटकातच थांबली. "बाबा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं झालं हे. आधी काढा ती पाटी."

"का म्हणून?"

"मे महिन्यात अंगणात पाटी लागली की रविवारी दोन वाजता लोक जेवायला येतात. आमंत्रण लागत नाही. गेल्या रविवारी तुम्हीच चार घरी जेवून आलात."

"ती मुलं हायस्कूल पास झाली होती. इथे आठवी लिहिलंय. लोकांना वाचता येतं."

लोकांना वाचता येत होतंच. पण ट्रकमधून जाता जाता कोण वाचतो? मे महिना, निळा-पिवळा रंग, पोरीचा फोटो, एवढं पुरे होतं. तासाभरात शेजारच्या लोर्ना प्लँकचा फोन आला.

"वर्लिन, अरे अभिनंदन. कुठल्या कॉलेजात चालली पोर?"

"कॉलेजात कुठली, लोर्ना? ती अजून आठवीत आहे."

"आठवीतूनच हायस्कूल पास?"

"सगळं नाही गं, स्पॅनिश तेवढं…"

पण लोर्नाने फोन ठेवला होता. तिला अजून बरेच फोन करायचे होते. शनिवारी दुपारपर्यंत टेसाने चार वर्षांचं हायस्कूल एका वर्षात उरकलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तिला परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने बोलावून घेतलं होतं.

आता मात्र आजोबा मुकाट्याने उठले आणि त्यांनी पाटी उपटून गॅरेजच्या भिंतीला उभी करून ठेवली. पण गाव चांगलं होतं, हीच अडचण होती. रविवारी घरचे सगळे प्रार्थनेहून परतले तेव्हा पाटी पुन्हा अंगणात उभी होती, तीही लोखंडी खांबांवर. लोर्नाचा नवरा हात पुसत म्हणाला, "वाऱ्याने पडली होती वाटतं. आता वादळ आलं तरी हलत नाही."

दोन वाजता पहिली गाडी आली. अडीचपर्यंत गाड्यांची रांग धान्याच्या कोठारापर्यंत पोचली. घरात अर्धा हॅम, एक डझन अंडी आणि पिंपभर बटाटे होते. पाव आणायला गेलेले आजोबा रिकाम्या हातांनी परत आले, कारण त्या रविवारी गावात आणखी पाच घरी पाट्या होत्या आणि दुकानातला शेवटचा पावही संपला होता. पाहुणे मात्र रिकाम्या हातांनी आले नव्हते. कॉलेजला निघालेल्या पोरांना आमच्याकडे कपडे धुवायची टोपली आणि टॉवेल देतात. तीनच्या आत टेसाला सहा टोपल्या मिळाल्या.

"कुठल्या विषयात जाणार बाळ?" प्रत्येक जण विचारत होता.

"वेल्डिंग," टेसा खरं ते सांगत होती, आणि लोक एकमेकांकडे पाहून "बघा, किती साधी पोर" असं म्हणत होते. सातव्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा ती स्वयंपाकघरात पळाली.

आजोबांना हे सगळं दिसत होतं. उद्या पोर नापास झाली तर हे दीडशे लोक तिला पुढची चार वर्षं विसरू देणार नव्हते, आणि हे सगळं आपण केलं हे त्यांना चांगलं समजत होतं. एवढ्यात मागच्या दाराने ओफेलिया बारागान आली. हमरस्त्यावर तिची बेकरी होती, पण ती रविवारी बंद असायची. तिच्यामागे तिची जाऊ आणि सासू, आणि तिघींच्या हातांत मक्याच्या पानांत उकडलेल्या वाफाळत्या तमालेंची पातेली.

"वर्लिन, सगळ्या गावात ती पाटी फक्त मी वाचलेली दिसते," ती म्हणाली. "या गावात आले तेव्हा पाट्या वाचूनच मी इंग्रजी शिकले. खालची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाही. आठवीची पोर म्हणजे जेवणाची तयारी नसणार, हे तेव्हाच ओळखलं."

आजोबांनी टोपी काढली.

ओफेलिया टेसाकडे वळली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी भराभर बोलली. टेसाची दातखीळ बसली. ओफेलियाने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, तिच्या हातात सुरी दिली आणि बटाट्यांचं पातेलं पुढे सरकवलं. यावेळी ती सावकाश, पण स्पॅनिशमध्येच बोलली. "इथे कुणी गुण देत नाही, पोरी. बटाटे सोल आणि सांग, हा घोळ झाला कसा?"

हात कामात गुंतले तशी जीभ मोकळी झाली. आधी एक शब्द आला, मग दोन. जिथे शब्द सापडेना तिथे टेसा सुरीने हवेत पाटी काढून दाखवू लागली. सासूबाईंना ऐकायला कमी येत होतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग जावेचा नवरा आला, त्याच्यासाठी पुन्हा. तमाले आणि बटाट्याचं सॅलड बाहेर जात होतं, रिकाम्या थाळ्या आत येत होत्या, आणि टेसा तीन तास बोलत होती.

आजोबा थाळी घ्यायच्या निमित्ताने दारात येऊन उभे राहायचे. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. 'आबुएलो' म्हणजे आजोबा एवढं मात्र कार्डांवरून पाठ झालं होतं, आणि तो शब्द दर वाक्याला येत होता. तो आला की सासूबाई डोळे पुसत हसायच्या. आपलीच टर उडते आहे हे आजोबांना कळलं आणि त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. ही पोर फेब्रुवारीत चार मिनिटं मुकी उभी होती.

पाहुणे गेल्यावर ते टेसाजवळ आले. "चुकलं माझं. उद्या काही झालं तरी पाटीचं मी बघतो. सगळ्यांना सांगेन, म्हातारा मूर्ख आहे म्हणून."

"ते मी सांगितलंय सगळ्यांना," टेसा जांभई देत म्हणाली. "तीन वेळा. झोपू दे मला."

स्पॅनिश शिकवणाऱ्या हॅव्हर्टीबाई रोज चाळीस मैलांवरून यायच्या. त्यामुळे त्या गावात काय चालतं, कुठे कसल्या पाट्या लागतात, याची त्यांना गंधवार्ता नसे. सोमवारी टेसाला प्रश्न आला, 'तुमच्या घरातल्या एखाद्या समारंभाविषयी बोला'.

निकाल बुधवारी लागला. टेसाने कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. डेनाने तो हळूहळू वाचला आणि मग खुर्चीत बसून घेतलं. "चौऱ्याण्णव. बाबा, चौऱ्याण्णव पडले."

आजोबांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "बाईंनी काही लिहिलंय का?"

डेना वाचू लागली. "'बोलणं सहज आणि ओघवतं. वर्षात एवढी प्रगती मी पाहिली नाही. चार गुण किरकोळ चुकांचे.'" ती थांबली. तिला हसू आवरेना. "'उरलेले दोन अतिशयोक्तीचे. गोष्ट आपल्या घरातली हवी होती. आजोबांचं पात्र पटत नाही. असा माणूस खऱ्या आयुष्यात नसतो.'"

आजोबा उठले, पाना घेऊन अंगणात गेले आणि लोखंडी खांब मोकळे करून त्यांनी पाटी ट्रकच्या मागच्या भागात आडवी ठेवली. पुराव्याला दोन टोपल्याही घेतल्या.

"बाबा, कुठे निघालात?"

"शाळेत. पोरीचे दोन गुण आणायला."

डेनाने टेसाकडे पाहिलं. 'आजोबांना थांबव', असं तिच्या नजरेत होतं. टेसा धावत बाहेर गेली, पण थांबवलं कसलं, ट्रकचं दुसरं दार उघडून ती आजोबांशेजारी चढून बसली.

"चला," ती म्हणाली. "बाई वर्गात इंग्रजी ऐकून घेत नाहीत. तुम्ही नुसते उभे राहा, बोलायचं मी बघते."