वैरागडेकाकांची करकरणारी फळी

वैरागडेकाकांकडे चहाला जायचं तर आधी मोजे घालावे लागतात. आपले नव्हे, त्यांचे. दाराशी धुतलेल्या मोज्यांची टोपली असते. जोडी जुळेलच असं नाही. भूगावातल्या आमच्या सोसायटीत घरोघरी टाइल्स, काकांकडे मात्र सागवानी फळ्यांची फरशी. उभा जन्म चंद्रपूरकडच्या लाकूड डेपोत गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर टाइल्सवर पाय ठेववेना.

"लाकूड जितं असते जी," हे त्यांचं पालुपद. जितं असल्यामुळे त्याला ऊन सोसत नाही, म्हणून दिवसभर पडदे ओढलेले. पाणी तर मुळीच सोसत नाही, म्हणून फडकं पिळून पिळून कोरडं व्हायला आलं पाहिजे. कामाला येणाऱ्या मंगलताई एकदा वैतागल्या. "पानी न्हाई, फिनेल न्हाई. मग मी हितं येती कशाला?"

"तुम्ही चहा घ्या बाई, पुसतो मी."

मंगलताई खरंच खुर्चीत बसून चहा प्यायल्या. काका लाकडाच्या रेषांच्या दिशेने फडकं फिरवत राहिले.

मुळशीच्या बाजूने ढग चढले की ते फळ्यांच्या फटींत जुनं पोस्टकार्ड सरकवून बघतात. कार्ड अडलं की लाकूड फुगलं. मग पंखा लावून स्वतः शेजारी बसतात, तापकऱ्या माणसाजवळ बसावं तसे.

सुमनकाकू दोन वर्षांपासून अमेरिकेत आहेत, लेकीच्या जुळ्यांपायी. "तुम्ही का नाही जात?" असं विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "पावसाळ्यात फरशीले कोन पाहीन?"

माझं दुखणं वेगळंच होतं. मी बरोबर त्यांच्या खाली राहतो. काम अमेरिकेच्या वेळेने चालतं, पहाटे कुठे डोळा लागतो, आणि रोज सहाच्या ठोक्याला डोक्यावर एक फळी वाजते, करर्र. एवढी निगा राखणाऱ्या माणसाला एक फळी नीट करता येऊ नये? मी दोनदा सांगून पाहिलं. काका दुसरीकडे बघत म्हणाले, "राहू द्या ना जी. बोलते तर बोलू द्या."

मग पुतण्याच्या लग्नाला ते चार दिवस चंद्रपूरला गेले. किल्ली माझ्याकडे ठेवली, सोबत फडकं कसं फिरवायचं याच्या सूचनांचा कागद. मी सुताराला बोलावलं. दोघांनीही मोजे घातले. स्वयंपाकघराच्या दारातली फळी, दोन स्क्रू, दहा मिनिटांचं काम. काका खूश होतील म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

ते परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काहीच वाजलं नाही. वाजली ती माझ्या दाराची बेल. दारात काका, अनवाणी, हातात चालू फोन.

"फळी बोलत नाही जी."

"अहो, झालं काय?" फोनमधून काकूंचा आवाज आला. "मी अजून उठलेच नाही का आज?"

मला काही कळेना. काकांनी अडखळत सांगितलं. काकू रोज सहाला उठायच्या. स्वयंपाकघरात जाताना त्यांच्या पायाखाली ती फळी वाजायची, आणि ती वाजली की काकांना जाग यायची. काकू गेल्यापासून रोज सहाला काका त्यांना फोन लावतात, फोन जमिनीवर ठेवतात आणि स्वतः फळीवर पाय देतात. तिकडे संध्याकाळ असते, जुळी नुकतीच झोपलेली असतात. फळी ऐकली की काकू हाक मारतात.

मला माझीच लाज वाटली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेलो. त्या दिवशी मोज्यांचं कुणी नावही काढलं नाही. दोन्ही स्क्रू काढले आणि बाजूला झालो.

काकांनी फोन खाली ठेवला आणि फळीवर पाय दिला. करर्र.

"उठा हो," फोन म्हणाला. "चहा टाकलाय."

"उठलो," काका म्हणाले, आणि गॅस पेटवायला आत गेले.