मास्तरांच्या हातचा तंबू

“माझ्या हातची शिलाई आजवर उसवलेली नाही आणि उसवणारही नाही!” टेलरमास्तरांनी निघण्याच्या आदल्या दिवशी बायकोला ठणकावून सांगितलं.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की अकरा दिवस डोंगर तुडवायचे तर तंबू दुकानातून तयार आणावा. पण ‘तयार’ म्हटलं की मास्तरांचं डोकं तापायचं. समोर रेडीमेडचं दुकान झाल्यापासून त्यांच्याकडे नवा कपडा शिवायला कोणी फिरकत नव्हतं. यायच्या त्या फक्त आखूड करायच्या पँटी, त्याही समोरच्याच दुकानातून घेतलेल्या! त्यामुळे हा तंबू म्हणजे मास्तरांची अब्रू होती. डोंगरावरून धड परत आला, की तो दुकानाच्या दारात टांगायचा, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सोबतीला मेहुणा होता, पोस्टमन. चालायचं त्याला काहीच वाटत नसे, आणि ओझ्याच्या बाबतीत तो भलता काटेकोर. निघताना त्याने मास्तरांच्या पिशवीतली कात्री काढून ठेवली.

“दाजी, एवढं लोखंड डोंगरावर कशाला? तिथे कोणाची मापं घेणार आहात?”

पहिले पाच दिवस आभाळ स्वच्छ होतं आणि तंबू झोकात उभा राहिला. सहाव्या दिवशी सकाळी ते एका उघड्या पठारावर मुक्कामाला होते, आणि तिथे हवेचं डोकं फिरलं! आधी धुकं, मग वारा, मग पाऊस. पायवाटच दिसेना, म्हणजे हलायची सोय नाही. तंबूचा एक कोपरा जोरजोरात फडफडायला लागला. मास्तर खुंटी ठोकायला बाहेर धावले आणि तिथूनच ओरडले, “ओढ! जोरात ओढ!”

त्यांना म्हणायचं होतं, खुंटीची दोरी. पण आत बसलेल्या मेहुण्याच्या नाकासमोर शिवणीतून एक पांढरा दोरा लोंबत होता. त्याने तो बोटाला गुंडाळला आणि मनापासून ओढला.

दोरा आला. येतच राहिला. दोन हात, पाच हात, दहा हात! आणि मग मेहुण्याला आभाळ दिसलं.

“दाजी, हा कसला दोरा?”

मास्तरांनी डोकं आत घालून पाहिलं. कच्चा टाका!

तीस वर्षांची सवय, दुसरं काय! मास्तर कुठलाही कपडा आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा जोडून ठेवत. गिऱ्हाईक ट्रायल घेऊन गेलं, की मशीनवर पक्का शिवत आणि कच्चा दोरा एका झटक्यात ओढून काढत. तंबूची ती बाजू कच्ची जोडून ते ट्रायलसाठी थांबले होते. ट्रायलला कोणी आलंच नाही! तंबूचं गिऱ्हाईक आपणच आहोत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वीस पावलांवर एक नारिंगी तंबू होता. त्यातून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. त्या दातांच्या डॉक्टर, एकट्याच चालत होत्या.

“आत या! भिजताय कशाला?”

“रेडीमेडमध्ये मी पाऊल ठेवणार नाही,” मास्तर म्हणाले. तेवढ्यात बोराएवढी पहिली गार त्यांच्या टकलावर बसली, आणि ते उसवलेल्या तंबूसकट मेहुण्याच्याही आधी आत पोचले.

आत बसल्याबसल्या मास्तरांनी तासभर त्या तंबूत खोट शोधली. शिवण बोटाने दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा चाचपली. एक थेंब गळत नव्हता! मास्तरांना फार वाईट वाटलं. रडू येईल की काय, असं वाटायला लागलं. मग त्यांनी कॉलरमागे खोचलेली सुई काढली, खिशातल्या रिळाचा दोरा दुहेरी घेतला, त्याला मेण लावलं आणि आपला ओला तंबू मांडीवर ओढला.

बाहेर गारा, पाऊस, परत गारा. आत मास्तर टाक्यावर टाका घालत होते. दोरा संपला की दातांनी तोडायचे, आणि दर वेळी डॉक्टरीणबाई कळवळायच्या, “अहो, दातांनी नका हो तोडू!”

“कात्री घरी आहे,” मास्तर मेहुण्याकडे बघत म्हणायचे. मेहुणा गारा मोजल्यासारखं करायचा.

संध्याकाळी आभाळ उघडलं. मास्तरांनी शेवटची गाठ मारली. “आता येऊ देत किती वादळं यायची ती!” असं म्हणून ते तंबू खांद्यावर टाकून ऐटीत बाहेर पडले.

नारिंगी तंबूही त्यांच्यामागून निघाला! खुंट्या उपटल्या, काठ्या कोसळल्या आणि आतून डॉक्टरीणबाईंची किंकाळी आली. दिवसभर वाऱ्याने त्यांच्या तंबूचं अस्तर मास्तरांच्या अंगावर येत होतं, आणि अंधुक उजेडात मास्तरांनी तेही टाक्यात घेतलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत!

तिघांनी मिळून ओढलं. एक टाका हलला नाही. मेहुण्याने बाहेर राहिलेल्या आपल्या पिशवीतून चाकू काढला.

“खबरदार! अस्तर फाटेल!” बाई गरजल्या. “मी भूल दिल्याशिवाय दातसुद्धा काढत नाही!”

उरलेले पाच दिवस तिघं एकत्र चालले आणि जोडतंबूत एकत्र थांबले. ते दुप्पट बोचकं कोणी वाहायचं, यावर चर्चा झाली नाही. मास्तरांनी ते मुकाट्याने मेहुण्याच्या पाठीवर ठेवलं.

घरी पोचल्यावर बायकोने दारातच विचारलं, “काय, टिकली का शिलाई?”

मास्तर चपला काढण्यात गुंतले. उत्तर मेहुण्यानेच दिलं.

“ताई, शिलाई एकदम पक्की! तू कात्री तेवढी आण, बाहेर डॉक्टरीणबाई थांबल्यात.”