साडूंचं पेटंट आणि माझं झाकण

आमच्या हॉलमध्ये जिथे लग्नातला फोटो होता तिथे बायकोने साडूंचं पेटंट लावलं, त्याच दिवशी मी शोध लावायचं ठरवलं. (फोटो कपाटावर गेला. "त्यात तुम्ही डोळे मिटलेत," असं कारण मिळालं. हेच मिटलेले डोळे पंधरा वर्षं चालले होते.)

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. भांड्याला लावायचा एक लेप त्यांनी शोधून काढला. त्यावर काहीही करपलं तरी नुसत्या फडक्याने पुसून निघतं. मीही त्याच विद्यापीठात आहे, पेटंट विभागात, कारकून. साडूंचा अर्ज मीच तपासला, नंबर मीच घातला, राहिलेल्या तीन सह्याही मीच मागे लागून घेतल्या. पण पेटंटवर कारकुनाचं नाव घालायची पद्धत नाही. घरी कुणीही आलं की बायको त्याला आधी भिंतीपाशी नेणार आणि म्हणणार, "हे आमच्या भावोजींचं." मी तिथेच शेजारी उभा असायचो. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट व्हायचा माझा.

विषय मी दुधाचा निवडला. आमच्याकडे दूध रोज उतू जातं (ते बघायचं काम माझ्याकडे आहे). मी असं झाकण करणार होतो की दूध वर आलं की आतलं तरंगतं बूच उचललं जाईल, त्याने स्प्रिंग सुटेल आणि स्प्रिंगला बांधलेली दोरी गॅसचं बटण फिरवेल. कागदावर तरी ते साडूंच्या लेपापेक्षा भारी दिसत होतं.

आता, अकरा वर्षं मी तमाम प्राध्यापकांना एकच गोष्ट बजावत आलोय. अर्ज दाखल होईपर्यंत शोधाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चारचौघांना कळलं की नवेपणा संपला, आणि नवेपणा संपला की पेटंटही गेलं. मग घरच्यांना तरी वेगळा नियम कसा लावणार? ऑफिसातला गोपनीयतेचा फॉर्म मी घरी आणला. प्रयोग पाहणार नाही, त्याबद्दल ऐकणार नाही, तो चालू असताना खोलीत पाऊल टाकणार नाही, असं सगळं त्यात होतं. बायकोने न वाचता सही ठोकली. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी चष्मा मागवला, दोनदा वाचलं आणि 'कितीही आवाज आला तरी' एवढे शब्द स्वतःच्या हाताने वाढवले. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

रविवारी साडू आणि मेव्हणी जेवायला येणार होते. जेवण झाल्यावर झाकण सहज म्हणून साडूंपुढे ठेवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढीच माझी इच्छा होती. दहा वाजता मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

दूध वर आलं. बूच उचललं गेलं. स्प्रिंग सुटली. (ती जुन्या सोफ्यातली होती. लहान मिळाली नाही.) झाकण छताला धडकलं, त्याच्यामागून दूध गेलं, आणि दोरीने गॅसचं बटण न फिरवता उपटून थेट फ्रिजमागे फेकलं. गॅस चालू, दूध जळतंय, आणि मी फरशीवर बसलेलो. आपणहून नाही, घसरून.

"अगं, जरा आत ये," मी हाक मारली.

"मी ऐकायचं नाहीये," बाहेरून बायको शांतपणे म्हणाली. "लिहून दिलंय ना."

फॉर्म रद्द समज, असं मी ओरडून सांगितलं. यावर सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, रद्द करायचा तर लेखी द्या."

कॅलेंडरचं पान फाडून मी 'फॉर्म रद्द' असं लिहिलं आणि दाराखालून सरकवलं. बाहेर चष्मा शोधला गेला. पान वाचलं गेलं. तारीख घातलेली नव्हती म्हणून परत आलं. तारीख घालून पाठवलं तेव्हा दार उघडलं. बायको मला ओलांडून गेली आणि तिने ओट्याखाली हात घालून मुख्य कॉक बंद केला. तिथे कॉक आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बेल वाजली. मेव्हणीच्या मागून साडू आत आले आणि छताकडे बघत राहिले. ते हसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि झाकण हातात घेऊन काय काय झालं ते विचारलं.

"मुळात गॅस बंद कशाला करायचा, भावोजी?" बायको ओटा पुसता पुसता म्हणाली. "झाकण मधे खोलगट करा, भोकं पाडा. फेस भोकांतून वर येईल, बसेल, दूध परत खाली जाईल. फक्त भोकांत साय करपून बसते. मागे चाळणी ठेवून बघितली होती मी."

"तिथे आपला लेप लावायचा," साडू म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

पुढचा तासभर ते दोघं ओट्यापाशी चित्रं काढत होते आणि मी फरशी पुसत होतो. माझ्या घरात, माझ्या दुधावर, माझ्या बायकोला सुचलं होतं, आणि मला कुणी साधं 'बाजूला व्हा' सुद्धा म्हटलं नाही. आतापर्यंत मी एकट्या साडूंवर जळत होतो, त्या दिवसापासून दोघांवर.

दुसऱ्या रविवारी मी छत रंगवून टाकलं. चार महिन्यांनी फाइल माझ्याच टेबलावर आली. शोधकांच्या रकान्यात पहिलं नाव साडूंचं, दुसरं बायकोचं. मी आशेने पानं उलटत गेलो. 'आधीच्या उपायांतील दोष' या मथळ्याखाली दीड पान होतं आणि ते सगळं माझ्याबद्दल होतं. 'अकुशल व्यक्तीने बनवलेले स्प्रिंगचे झाकण', अशी सुरुवात. सोबत आकृती एक: आमचं छत, रंगवण्याआधीचं. मजकूर खरा आहे की नाही हे बघणं माझं काम. खरा होता. मी शिक्का मारला.

पेटंट मिळालं तर बायको ते कुठे लावणार, हे मला माहीत होतं. कपाटावरचा फोटो आता माळ्यावर जाणार. निदान छताचं प्रकरण तरी मिटलं, अशी मी मनाची समजूत घातली.

परवा पेटंट कार्यालयाच्या तपासणीतून शेरा आला: आकृती एकमधील डाग अस्पष्ट आहे, नव्याने छायाचित्र काढून पाठवावे.

घरी पोचलो तर बायकोने साडूंना फोन करून झालेला होता. "अहो, रविवारी तुम्ही मोकळे आहात ना?" तिने मला विचारलं. "दूध दोन लिटर जास्त सांगितलंय. आणि स्प्रिंग मी शोधून ठेवलीये."

सासूबाईंनी फॉर्मवर सही करून तो आधीच माझ्या टेबलावर ठेवला होता. या वेळी तारखेसकट.